चूक कोणाची?

नागपूरचा मे महिना. सकाळी दहानंतर बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. अशाच एका दुपारी शेजारची नववीत जाणारी मुलगी आमच्या घरी कूलरसमोर बसून संगणकावर 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' नावाचा खेळ खेळत होती. अर्ध्या तासात तिचं तिसरं यान जमिनीवर आपटलं. वैतागून ती म्हणाली, "सर, हा खेळच खराब आहे. माझं काही चुकलंच नाही, अन् हे यान आपोआप फुटून राहिलं ना!"

मी म्हटलं, "तू काय काय केलंस ते क्रमाने सांग. एकही पायरी गाळू नको."

ती सांगू लागली आणि सांगता सांगता मध्येच थांबली. या खेळात यानाचे भाग कोणत्या क्रमाने कामाला लागतील ते आपणच ठरवायचं असतं. तिने इंजिन आणि पॅराशूट एकाच पायरीत ठेवले होते. म्हणजे उड्डाणाच्या क्षणीच पॅराशूट उघडत होतं आणि वेग वाढला की फाटून जात होतं. परतीच्या वाटेवर उघडायला काही उरतच नव्हतं. तिने क्रम बदलला आणि चौथं यान हळुवार उतरलं.

त्या दिवशी तिची तक्रार चुकीची होती. पण याच खेळाच्या बाबतीत एक वेळ अशी आली होती, की जगभरच्या कितीतरी खेळाडूंनी हीच तक्रार केली आणि ते बरोबर होते. संगणकावरच्या खेळाबद्दल शिक्षकांच्या मासिकात कशाला लिहायचं, असं काही वाचकांना वाटेल. ते प्रकरण नीट पाहिलं, तर ते आपल्या प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत येऊन पोचतं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी खेळाविषयी. मेक्सिको शहरातल्या 'स्क्वाड' या कंपनीने तो तयार केला. पहिली आवृत्ती जून २०११ मध्ये आली आणि पूर्ण झालेली १.० आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये. कर्बिन नावाच्या काल्पनिक ग्रहावर 'कर्बल' नावाची बुटकी हिरवी माणसं राहतात. त्यांच्यासाठी आपण टाक्या, इंजिनं, पंख, पाय जोडून यान बांधायचं आणि उडवायचं. यात गोळीबार नाही, शत्रू नाही. गुरुत्वाकर्षण, हवेचा विरोध आणि संपत जाणारं इंधन, एवढेच काय ते विरोधक. कक्षेत जायचं म्हणजे नुसतं वर जायचं नसून आडवा वेग घ्यायचा असतो, ही गोष्ट आपण फळ्यावर दहा वेळा सांगतो. इथे ती दोन-चार यानं फोडल्यावर मुलांना आपोआप कळते.

हा खेळ शिक्षणाला उपयोगी आहे हे इतरांच्याही ध्यानात आलं. फिनलंडमधल्या एका संस्थेने शाळांसाठी त्याची वेगळी आवृत्ती काढली. २०१४ मध्ये नासाच्या सहकार्याने लघुग्रह पकडण्याची मोहीम त्यात आली आणि २०२० मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेच्या दोन मोहिमा आल्या.

आपल्या नागपुरात गांधीसागराजवळच्या रामन विज्ञान केंद्रात १९९७ पासून तारांगण आहे. तिथे मुलं आकाश डोळे भरून पाहतात. तारांगण दाखवतं ते सुंदर आणि अचूक असतं, पण तिथे मुलाला स्वतः चुकायची संधी नसते. या खेळाची खरी ताकद तिथेच आहे. तो मुलाला चुकू देतो आणि चूक कुठे झाली ते शोधायला लावतो.

आता त्या वादग्रस्त पुरवणीकडे वळू. १३ मार्च २०१८ रोजी 'मेकिंग हिस्टरी' नावाची पहिली विकत घ्यायची पुरवणी आली. किंमत जवळजवळ पंधरा डॉलर. एप्रिल २०१३ अखेरपर्यंत ज्यांनी मूळ खेळ घेतला होता, त्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे ती फुकट मिळाली. पुरवणीत तीन मुख्य गोष्टी होत्या : सोव्हिएत आणि अमेरिकी यानांच्या धर्तीवरचे नवे भाग, अंतराळ-इतिहासावर बेतलेल्या मोहिमा आणि स्वतः मोहीम रचण्याचं साधन. यातली तिसरी गोष्ट शिक्षकाच्या दृष्टीने सोन्यासारखी होती. 'एवढ्या इंधनात चंद्रावर उतरून दाखवा' अशी प्रश्नपत्रिकाच आपण त्यात तयार करू शकतो.

पण तक्रारी लगेच सुरू झाल्या. चंद्रावर नीट उतरलेलं यान पायांवर उड्या मारू लागे, नाहीतर सपाट जमिनीवर हळूहळू घसरत जाई. मोहिमांच्या पायऱ्यांबद्दलही तक्रारी होत्या. त्यात भर म्हणजे त्याच महिन्यात मूळ खेळही 'युनिटी' या पायाभूत प्रणालीच्या नव्या आवृत्तीवर नेला गेला होता. त्यामुळे ज्यांनी पुरवणी घेतलीच नव्हती, त्यांनाही त्रास झाला. विज्ञानाच्या शिक्षकाला इथे हसू येईल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे आपण सहावीच्या मुलांना शिकवतो. इथे एकाच महिन्यात दोन बदलल्या. मग बिघाड पुरवणीचा की पायाचा, हे सामान्य खेळाडूने कसं ओळखावं? दुरुस्त्या येत राहिल्या. १.४.२ पासून १.४.५ पर्यंतच्या आवृत्त्या जूनअखेरपर्यंत एकामागून एक निघाल्या. तोवर कितीतरी जणांचा उत्साह मावळला होता.

खेळाडूंचा हा राग पुष्कळांना अतिरेकी वाटला. एवढासा खेळ, त्याचं काय मनावर घ्यायचं? मला तो राग रास्त वाटतो. का, ते सांगण्यासाठी थोडी फोड करावी लागेल. अशा सिम्युलेशनमध्ये 'चुकीच्या' गोष्टी तीन प्रकारच्या असतात आणि तिन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

पहिला प्रकार म्हणजे जाणून केलेलं सोपेकरण. कर्बिन ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर आहे, पण त्याच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व त्वरण पृथ्वीइतकंच, ९.८१ आहे. नववी-दहावीच्या मुलांना यावरून घनता काढायला सांगा. पृष्ठभागावरचं त्वरण सारखं असेल तर घनता त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३७० किलोमीटर, म्हणून कर्बिनची घनता पृथ्वीच्या साडेदहा पटींहून थोडी जास्त येते : घनमीटरला सुमारे ५८,५०० किलोग्रॅम. आपल्याला ठाऊक असलेलं सगळ्यात घन मूलद्रव्य ऑस्मियम, त्याची घनता २२,६०० च्या आसपास. म्हणजे असा ग्रह खऱ्या जगात असू शकत नाही. पण हा दोष नाही, सोय आहे. ग्रह लहान असल्यामुळे कक्षेत जायला सेकंदाला ७.८ किलोमीटरऐवजी २.३ किलोमीटर वेग पुरतो आणि खेळ काही मिनिटांत आटोपतो.

तसंच दुसरं सोपेकरण गुरुत्वाकर्षणाचं. या खेळात यानावर एका वेळी एकाच खगोलाचं आकर्षण चालतं. कर्बिनच्या क्षेत्रातून बाहेर पडलं की कर्बिनचं आकर्षण संपलं आणि सूर्याचं सुरू झालं. याचा परिणाम असा, की या खेळात लग्रांज बिंदू नाहीतच. सप्टेंबर २०२३ मध्ये निघून जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलेलं आपलं आदित्य एल-१ मूळ खेळात उभंच करता येणार नाही. मुलांना हे सांगावं, म्हणजे नमुना आणि वास्तव यांत फरक असतो हे त्यांना एका उदाहरणात कळेल.

दुसरा प्रकार आकडेमोडीच्या मर्यादेचा. संगणक संख्या अमर्याद अंकांनी साठवत नाही. अशा खेळांतल्या भौतिकीच्या हिशोबात सहसा सात सार्थ अंक हाताशी असतात. समजा, ग्रहाच्या केंद्रापासून अंतर मीटरमध्ये मोजतो आहोत. ६,००,००० मीटरवर शेजारच्या दोन संख्यांमधलं अंतर सुमारे सहा सेंटिमीटर पडतं. त्याहून बारीक फरक संगणकाला दिसतच नाही. कर्बिन त्याच्या सूर्यापासून सुमारे १,३६० कोटी मीटरवर आहे. सूर्याला शून्य मानून मोजलं, तर तिथे लागोपाठच्या दोन संख्यांत एक किलोमीटरभर फट पडेल! मग यानाच्या दोन जोडलेल्या भागांची जागा नीट सांगायची कशी? भाग थरथरू लागतात, हिशोबाला वाटतं की सांध्यावर प्रचंड ताण आला, आणि धडधाकट यानाचे तुकडे होतात. खेळाच्या सुरुवातीच्या काळात असं खरंच घडत असे. खेळाडूंनी या अदृश्य राक्षसाला 'क्राकेन' हे दंतकथेतल्या समुद्रराक्षसाचं नाव दिलं होतं. त्यावरचा उपाय मोठा गमतीदार होता : यानालाच शून्य मानायचं आणि उरलेलं विश्व त्याच्याभोवती हलवायचं. विश्वाचं केंद्र कुठेही धरा, नियम तेच राहतात, हे तत्त्व असं कामी आलं.

अंकांच्या या तुटपुंजेपणाला खेळापुरतं समजू नये. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पेट्रियट क्षेपणास्त्र-यंत्रणेला येणारं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मरण पावले. सेकंदाचा दहावा भाग द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. ती बारीक चूक शंभर तास साचत गेली आणि घड्याळ सुमारे एक तृतीयांश सेकंदाने चुकलं. अपुरे अंक घेऊन आपण 'उत्तर अंदाजे' असं लिहितो, तेव्हा हा अंदाज कुठवर चालेल हेही विचारायला हवं.

तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ दोष. 'मेकिंग हिस्टरी'च्या वेळचे उड्या मारणारे पाय या प्रकारात मोडतात. त्यात सोय नाही, गणिताची अपरिहार्य मर्यादाही नाही. पुरेशी तपासणी न करता वस्तू बाजारात आली, एवढंच.

आता रागाकडे परत येऊ. साध्या खेळात बिघाड झाला तर मजा जाते. सिम्युलेशनमध्ये बिघाड झाला तर कार्यकारणाचा धागा तुटतो. या खेळात अपयश हाच शिक्षक आहे. यान कोसळलं तर इंधन कमी पडलं असेल, वजन एका बाजूला झालं असेल, क्रम चुकला असेल, असा विचार करत मूल पुढे जातं. पण काहीच न चुकता यान कोसळू लागलं, की मूल प्रश्न विचारायचं सोडून देतं. याहून वाईट म्हणजे, ते नसलेली चूक स्वतःत शोधत बसतं. पंधरा डॉलर गेल्याचं दुःख फार मोठं नाही. आपल्या अपयशावरचा विश्वास गेला, हे मोठं. पुरवणीबद्दल माझी मुख्य टीका हीच आहे. खेळाने शिकवण्याचा आपला एकमेव मार्ग काही महिन्यांसाठी स्वतःच बंद करून घेतला.

हे लिहिताना मला एक जुनी गोष्ट आठवते आणि ती माझ्याच विरुद्ध जाते. एका शाळेत मी अकरावीच्या मुलांकडून साध्या लंबकाचा प्रयोग करून घेत होतो. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत नेमकी एक मीटर. एका गटाने वीस आंदोलनांना ३८.६ सेकंद मोजले. आवर्तकाळ १.९३ सेकंद, त्यावरून गुरुत्व त्वरण आलं १०.६. मुलांनी तीनदा मोजलं, तीनदा तेच. गटातला एक मुलगा वही घेऊन आला, "सर, आमचं बरोबर आहे, पण उत्तर येत नाही." मी घाईत होतो. म्हणालो, "मोजण्यात चूक असेल. नागपूरला ९.८ येतं. ९.८ येईल असं लिहा." त्याने मान डोलावली, खोडरबर घेतलं आणि ३८.६ चे ४०.१ केले.

पुढे काही दिवसांनी ते किल्लीचं स्टॉपवॉच मी माझ्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं. मिनिटाला सव्वादोन सेकंद मागे पडत होतं. म्हणजे मुलांचं वाचन बिनचूक होतं आणि उपकरण खोटं होतं. त्या ३८.६ मध्ये घड्याळाचा रोग स्पष्ट लिहिलेला होता, आणि मी तो पुसायला लावला. मुलाने त्या दिवशी लंबक शिकला नाही. डोळ्यांना दिसलेलं आणि पुस्तकात छापलेलं जुळलं नाही, तर दिसलेलं खोडायचं, हे तो शिकला.

'मेकिंग हिस्टरी'वर वैतागलेल्या खेळाडूंनी नेमकं याच्या उलट केलं. त्यांनी खोडलं नाही, नोंदवलं. स्क्वाडने दोषांची जाहीर नोंदवही ठेवली होती. तिथे चांगली नोंद कशी असते ते पाहण्याजोगं आहे. कोणती आवृत्ती, कोणतं यान, कोणत्या खगोलावर, काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि तीच कृती पुन्हा केली तर तेच होतं का. शिक्षकांनी ही यादी ओळखली असेलच. साहित्य, कृती, अपेक्षित निरीक्षण, प्रत्यक्ष निरीक्षण, पुनरावृत्ती. आपल्या प्रयोगवहीची रचना हीच तर आहे. 'खेळ भिकार आहे' ही नुसती ओरड झाली. 'असं केल्यावर असं होतं, पाच वेळा करून पाहिलं' ही विज्ञानाची भाषा झाली. शेजारच्या मुलीलाही पायऱ्या क्रमाने सांगताना आपली चूक आपणच सापडली. त्या दिवशी नोंद खेळाच्या बाजूने निघाली, २०१८ मध्ये खेळाडूंच्या बाजूने. नोंद कोणाचीच बाजू घेत नाही, हाच तिचा गुण.

अपयशाची अशी नीट नोंद काय करू शकते, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. नंतर २०२३ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी कारणं जाहीरपणे सांगितली. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त रेटा दिला, चुका साचत गेल्या, यानाला हव्या त्या वेगाने वळता येईना, आणि उतरायला ठरवलेली जागा ५०० मीटर गुणिले ५०० मीटर एवढी छोटी होती. चांद्रयान-३ साठी ती जागा सुमारे ४ किलोमीटर गुणिले अडीच किलोमीटर केली, इंधन वाढवलं, आणि सेकंदाला २ मीटरऐवजी ३ मीटर वेगाने टेकलं तरी टिकतील असे मजबूत पाय दिले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते पाय चंद्रावर टेकले आणि उड्या न मारता उभे राहिले! २०१९ चं 'वाचन' कोणी खोडून दुरुस्त केलं असतं, तर हे झालं नसतं.

खेळाच्या पुढच्या इतिहासात मात्र हा धडा टिकला नाही. दुसऱ्या एका चमूने केलेला 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम २' फेब्रुवारी २०२३ मध्ये अपुऱ्या अवस्थेतच, जवळजवळ पन्नास डॉलरला विक्रीस आला. त्यात दोष इतके होते की २०१८ च्या तक्रारी किरकोळ वाटाव्यात. डिसेंबर २०२३ च्या मोठ्या दुरुस्तीने थोडी आशा लावली. पण २०२४ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या त्या चमूला कामावरून कमी केलं गेलं आणि काम अर्ध्यावर राहिलं. तक्रार लिहून घेतली जाते, पण वाचून दुरुस्त करणारं कोणी उरत नाही, तेव्हा काय होतं त्याचा हा नमुना.

शिक्षकांनी मग काय घ्यावं? शाळेत संगणक असेल तर दुसरा भाग बाजूला ठेवावा आणि जुना पहिला खेळ घ्यावा. त्याची १.१२ ही आवृत्ती वर्गात वापरण्याइतकी स्थिर आहे. आधी मूळ खेळच पुरे. मुलं रुळली, की पुरवणीतलं मोहीम रचण्याचं साधन जरूर पाहावं. आता ते कामाचं आहे. मुलांना यानं फोडू द्यावीत, पण प्रत्येक फुटलेल्या यानाची एक पानभर नोंद घ्यायला लावावी आणि शेवटी एक प्रश्न : चूक माझी, नमुन्याची, आकडेमोडीची की खेळाची? उत्तरापेक्षा ते कशावरून ठरवलं याला गुण द्यावेत.

आणि संगणक नसेल तरी काही अडत नाही. लंबक प्रत्येक शाळेत आहे. या वर्षी एखाद्या गटाचं उत्तर १०.६ आलं, तर कृपा करून ते खोडायला सांगू नका. आधी घड्याळ तपासा.